मुरतंय कुठे

गॅलनला सव्वीस मैल.
बाबांची व्हॅन, बाबांचा आकडा,
निळ्या वहीत, पेन्सिलीनं, सोळा वर्षं.
माझ्या हाती आली आणि तीन महिन्यांत एकवीस.
‘उजवा पाय जड आहे तुझा,’ बाबा म्हणाले
खिडकीशी बसून, गुडघ्यांवर ब्लँकेट,
आणि मग दिवसभर काही बोलले नाहीत.

स्क्रॅब्स्टरच्या धक्क्यावर पहाटे पाचला मासळी चढते:
हॅडॉक, व्हायटिंग, एखादा मंकफिश तोंड वासून,
वर चार खोकी बर्फ.
साडेतीन टन. पुढे केथनेसचे रस्ते,
आडोशाला एक झाड नाही,
पश्चिमेचा वारा व्हॅनच्या कपाळावर तळवा टेकवून
विचारत राहतो, कुठं निघालीस, कुठं निघालीस.

मी कात्री लावायला घेतली.
आधी छपरावरचा लोखंडी सांगाडा उतरवला.
शिडीसाठी होता; शिडी कधीच विकली होती.
त्याच्यासोबत त्याची शिट्टीही गेली,
पहिल्या सकाळी इतकं शांत
की मला वाटलं इंजिनच बंद पडलं.
मग वाळूच्या गोण्या, हिवाळ्यातल्या घसरणीसाठी भरलेल्या,
मे संपला तरी मागे बसून फुकट फिरणाऱ्या.
टायरमध्ये हवा, भरल्या गाडीची, दारावरच्या तक्त्याप्रमाणे.
पंचावन्नापुढे काटा जाऊ दिला नाही.
मागे रांग लागली की बाजूला घेतलं, हात केला,
काहींनी हात केला, काहींनी बोट.

उतारावर गिअर काढायचा नाही, नुसता पाय उचलायचा.
तेव्हा इंजिन थेंबभरही पीत नाही,
उपाशीपोटी पळतं,
हे मला गॅरेजवाल्या एनियस गननं सांगितलं.

तेवीस. एकदा साडेतेवीस.
बाकीचं कुठेतरी मुरत होतं.

‘गाडी थांबली की चाकांना हात लाव,’ एनियस म्हणाला,
‘आजारी पोराच्या कपाळाला लावतो तसा.’
संध्याकाळी लावला.
तीन चाकं कोमट.
डावं मागचं,
हात झटकून मी ओल्या गवतात दाबला.

ब्रेक सुटतच नव्हता.
हँडब्रेकची केबल आतून गंजून ताठ.
गेले सगळे मैल मी कुणीतरी मागून पदर धरावा
तशी चालवत होते,
आणि दोष वाऱ्याला देत होते.

‘इतका कोण ओढतं हँडब्रेक?’ एनियसनं विचारलं.
मला माहीत होतं कोण, आणि कुठं.

गुरुवार. लॅथरनच्या पुढची चढण, विल्यमिना बजचं घर.
तिचं कंबरेचं हाड साथ देत नाही,
म्हणून बाबा रिव्हर्सनं वर जायचे, थेट फाटकापर्यंत,
दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचायचे,
शीतपेटीसाठी इंजिन चालू,
आणि वीस मिनिटं
अर्धा हॅडॉक विकायचे.

मी विचार केला, खाली थांबावं, कागदात बांधून चालत न्यावं,
चाळीस पावलं तर आहेत.
पण गेले तशीच, रिव्हर्सनं, वर.
म्हातारी काठीनं एक चपटा दगड ढकलत आली,
चाकाखाली सारला.
‘तुझ्या बापाला सांगून थकले,’ म्हणाली,
‘दगड लाव. तो ऐकेल तर ना!’
दगडावर टायरचं काळं उमटलेलं नव्हतं. कोरा होता.

नवी केबल, चव्वेचाळीस पौंड, मजुरी वेगळी.
त्या आठवड्याचे साडेचोवीस.
वही बाबांपुढे धरली.
त्यांनी चष्मा लावला, बोट ओळींवरून खाली नेलं, थांबवलं.

‘गुरुवार धरलास?’

‘हो. का?’

त्यांनी मागची पानं उलटली, सोळा वर्षांची.
दर पाच ओळींनंतर एक ओळ, त्यात मैल आहेत, लिटर आहेत,
भागाकार नाही.

‘मी धरत नव्हतो,’ म्हणाले,
आणि पेन्सिल मागितली.
मी दिली.
ते टोक बघत बसले.