उतार

नकाशा प्लास्टिकच्या नळीतून नेला होता,
खाऱ्या वाऱ्यानं सादळू नये म्हणून.
चोवीस ओटे, पत्र्याचं छप्पर, मधून वाट,
सांडपाण्यासाठी एक बारीक निळा बाण.
कचेरीत बसून तीन दुपारींत काढलेला,
आणि खरं सांगायचं तर मला तो आवडत होता.

बंदरावर लिलाव संपत आला होता.
सुनेत्रा तारीनं पदराला हात पुसले,
नकाशा उलटा धरला, सुलटा धरला,
म्हणाली, "ह्यात दर्या खय आसा?"

दर्या मी काढला नव्हता.
मंजूर जागेची हद्द संपली तिथं माझा कागद संपला होता.

मग त्यांनी मला बसवलं.
माझ्या ओट्याच्या उंचीएवढे क्रेट रचले,
पुढ्यात सुरमई, हातात सुरी.
"काप."
दहा मिनिटांत खांदा भरून आला.
जैतुनबी शेजारी बर्फ फोडत होती, मान वर न करता म्हणाली,
"हेका म्हणतत माप."

ओहोटी लागली तशी
ओल्या वाळूवर रापणीच्या जुन्या दोरानं
बाजार आखला. एकास एक.
बायका पाट्या घेऊन आत शिरल्या, बसल्या,
उठल्या, भांडल्या, दोर सरकवला, पुन्हा बसल्या.
दोन भरल्या टोपल्या न घासता जातील
एवढी वाट झाली.
कुणीतरी काठीनं संडास काढला
(माझ्या नकाशात तो नव्हता)
आणि कडी आतून हवी, हे मला दोनदा लिहायला लावलं.
मोंडकरांच्या सुनेला झोळी टांगायला हूक हवा होता.
चार वाजता माझं असं फक्त छप्पर उरलं,
तेही झडीच्या बाजूला हातभर खाली वाकवलेलं.

शेवटी एकेकीला एक शिंपली दिली,
जिनं तिनं आपल्या जागी ठेवायची.
तेवीस ठेवल्या गेल्या.
द्रौपदा दोराबाहेर उभी,
खाडीतले मुळे आणि कालवं विकणारी,
बौद्धवाडीची पाखाडी पहाटे उतरून येणारी.
शिंपली मुठीत.
"ठेव गे," कुणीतरी म्हणालं.
"तिची जागा पयल्यापासून थयच," दुसरं कुणीतरी.

"पाणी खालच्या अंगाक जाता," द्रौपदा म्हणाली,
"आणि खालच्या अंगाक मी बसतंय.
आधी उतार बदला,
मगे जागा सांगतंय."

कुणी बोललं नाही.
लाटेचा आवाज तेवढा येत राहिला, तोही लांबून.
मग जैतुनबीनं बादली उचलली
आणि वरच्या ओट्यापासून ओतली.
खवलं, रक्त, बर्फाचं पाणी
वाळूत रेघ ओढत निघालं,
थेट द्रौपदाच्या पायांशी थांबलं.
नकाशावरचा निळा बाण तिकडंच होता.
मी तो पट्टीनं काढला होता, सरळ.

"नाली मधून नेऊ, दोन्हीकडून उतार," मी म्हटलं, "पण खर्च वाढेल."
"कितको वाढतलो?"
मी हिशोब केला.
नावांच्या संगमरवरी कोनशिलेहून कमी होता.
हे मोठ्यानं म्हणायला नको होतं, पण म्हणून गेलो.

त्या दिवशी दोन जणी रागानं उठून गेल्या.
जागा कायमची कुणाची नाही,
दरवर्षी नारळी पुनवेला चिठ्ठ्या टाकायच्या,
हे ठरायला पुढं तीन बैठका लागल्या,
एकीत तर कुणीच आलं नाही.
वाळूवरचा बाजार भरतीनं कधीच नेला होता.
वहीत मापं होती, आणि दोराला पडलेल्या गाठी.

बाजार झाला. ठेकेदारानं कडी बाहेरून लावली,
ती सुनेत्रानं स्वतः उचकटली.
द्रौपदाला सात नंबर आला.
आठ नंबरवालीनं पाटी वीतभर दूर सरकवली,
आणि ती महिनाभर तशीच होती.
परवा गेलो तेव्हा मात्र
तिच्याकडूनच सुट्टे मागत होती.

अजून संध्याकाळी, बाजार उठला की
द्रौपदा एक बादली ओतते
आणि कमरेवर हात ठेवून
बघत राहते, कुठं जातंय.