चोवीस घोडे

कागदावर लिहिलं होतं: चोवीस अश्वशक्ती.
बाबांनी ते जेवताना दोनदा मोठ्याने वाचलं
आणि त्या रात्री तबेल्याचा मालक झोपावा तसे झोपले.

गाडीचं नाव मालुख, म्हणजे पिल्लू.
सात वर्षं नंबर लावून मिळालेलं.
पोलंडात तेव्हा रंग विचारायची सोय नव्हती;
आमचं आलं पिवळं, कावीळ झाल्यासारखं.

पुढे बाबा, गुडघे कानाशी घेऊन.
शेजारी आई, मांडीवर बटाटे.
मागे कुनेगुंदा आत्या,
आणि तिच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या फटींत
लेस्वाव आणि मी.
आत्याच्या टोपीला वेगळी जागा लागे.

सुरू करायची तार पहिल्याच हिवाळ्यात तुटली.
मग लेस्वाव मागचं झाकण उघडून
लाटण्याने आत कुठेतरी ढोसायचा,
पिल्लू खोकत, शिंकत जागं व्हायचं.
म्हणून रविवारी आमच्या पिएरोगींना
ऑइलचा किंचित वास यायचा.
कोणी कधी बोललं नाही.

सपाटीला ठीक. उताराला तर शूर.
पण ओबिदोव्हाचा घाट लागला
की चोवीसच्या चोवीस घोडे पेंड खायला थांबायचे.
बाबा पुढे झुकायचे, आम्हालाही झुकायला लावायचे.
आत्या श्वास रोखून धरायची,
त्याने वजन कमी होतं म्हणे.
एकदा एका बदकाने आम्हाला मागे टाकलं.
(लेस्वाव अजून म्हणतो, तो हंस होता. तेवढीच अब्रू.)

तिसऱ्या वळणाशी आई बटाटे सीटवर ठेवून
दार उघडायची आणि उतरून चालू लागायची.
गाडी चालूच असायची. फरक पडत नसे.
आम्ही माथ्यावर पोचेपर्यंत
तिचा रुमाल रानबेरींनी भरलेला,
ओठ जांभळे,
आणि चेहऱ्यावर काही न बोलण्याचा निश्चय.
बाबा काचेतून लांबच्या डोंगराकडे बघत म्हणायचे,
"इंजिन तापू नये म्हणून मुद्दाम हळू आणली."

परवा आईला घेऊन त्याच घाटातून गेले.
माझ्या गाडीत एकशे चाळीस घोडे,
एकही ओळखीचा नाही.
चढ केव्हा लागला ते कळलंच नाही.
तिसऱ्या वळणाशी आईचा हात
झोपेतच दाराच्या कडीकडे गेला.

मी गिअर उतरवला.
गरज नव्हती.