ओहोटीवरचं घर

आमच्या बेटावर फादर वर्षातून दोनदा येतात,
समुद्राची मर्जी असली तर तीनदा.
एरवी देवळाची किल्ली माझ्याकडे
आणि शुभवर्तमान वाचायचं कामही.
मी बटाटे पिकवतो. वाचताना अडखळतो.
लोक सांभाळून घेतात.

त्या रविवारी धडा होता दोन घरांचा,
एक खडकावर, एक वाळूवर.
शुक्रवारी चष्मा पुसून मी तो दोनदा वाचून ठेवला,
आणि शनिवारी पहाटे एदुविनाचं घर निघालं.

निघालं म्हणजे खरोखरच निघालं.
चिलोएत हे होतं. कडा ढासळू लागला
की माणूस घर टाकून जात नाही,
घर घेऊन जातो.
काचा काढल्या, खाली ओंडके सरकवले,
बैलांच्या सात जोड्या जुंपल्या.
चूल मात्र तिने हलवू दिली नाही.
ज्याला ज्याला हात आहेत तो तो आला.
मजुरी नाही. शिंपल्यांचं जेवण, सफरचंदाची दारू,
आणि उद्या तुझ्यावर वेळ आली तर मी.

मी सगळ्यांत शेवटी गेलो.
तिच्या नवऱ्याने, एर्मोखेनेसने, माझी होडी नेली होती
आणि फुटकी परत केली होती,
एकोणीस वर्षांपूर्वी.
त्याच्या दफनाच्या वेळी प्रार्थना मीच म्हटली.
एक शब्द गाळला नाही,
एक शब्द मनापासून म्हटला नाही.

दुपारच्या भरतीवर घर तरंगलं.
भोवती रिकामी पिंपं, पुढे लाँच,
भिंतींवरचे लाकडी खवले ओले होऊन
म्हाताऱ्या माशासारखे चमकत होते.
कुणीतरी ओरडलं, नोहाचं तारू!
एदुविना खिडकीतून म्हणाली,
माझ्याकडे दोनच कोंबड्या आहेत, आणि त्यांचं पटत नाही.

मग उथळ पट्ट्यावर इंजिन बंद पडलं.
ओहोटी काही कुणाची वाट बघत नाही.
अंधार पडला तेव्हा घर बसलं होतं
वाळूवर,
अगदी धड्यात लिहिलंय तिथेच.
पाऊस आला. वाराही आला.
तेही लिहिलेलंच होतं.

बाकीचे दोर घेऊन चिखलात उतरले,
कोपऱ्यांना बांधून, धरून उभे राहिले.
मी काठावर, खिशात किल्ली.
मला कुणी हाक मारली नाही.
माझी भांडणं बेटाला पाठ आहेत.

धुराड्यातून धूर निघाला.
तिच्यायला, ही बाई वाळूवर बसून पाव भाजत होती!
मी हसलो बहुतेक. आणि हसता हसता
गुडघाभर चिखलात होतो,
ज्या कोपऱ्यावर वारा सरळ येत होता
तिथला दोर सैल पडला होता, तो माझ्या हातात होता.

"कोण आहे तिकडे?"
"मी."
"मी कोण?"
"एलेउतेरिओ."
थोडा वेळ नुसता पाऊस.
मग बिनकाचेच्या खिडकीतून एक हात, हातात गरम पाव.
"घट्ट धर," ती म्हणाली,
"त्या कोपऱ्यात त्याचा पलंग आहे."

चार वाजता पाणी परत आलं.
आधी घोट्याला लागलं, मग कमरेला,
मग माझ्या हातातलं घर हलकं झालं.

रविवारी देवळात आम्ही सगळे उशिरा.
चिखलाचा वास, पेंगणारे बाक.
मी वाचत वाचत वाळूपाशी आलो आणि थांबलो.
मागून कोणी फिस्सकन हसलं,
मग सगळं देऊळ हसलं, एदुविना सगळ्यांत मोठ्याने.
धडा मी पूर्ण वाचला. त्यात फेरफार करणारा मी कोण?
पान उलटताना तेवढा
दोराने सोललेला तळवा कागदाला चिकटला.

नंतरच्या प्रार्थनेत,
आमच्या अपराध्यांना जशी आम्ही,
तिथे अडखळलो.
लोकांनी सांभाळून घेतलं.

होडीचं अजून विसरलेलो नाही.
चांगली होडी होती.