वीतभर

तांडापेठेत दोन खोल्या, माणसं सतरा.
त्या उन्हाळ्यात माग गेला
लाकडाच्या भावानं,
हातगाडीवर, पाय वर करून.
मागाचा खड्डा तेवढा राहिला.

खड्ड्यावर फळी आली.
फळीवर अनसूयाकाकू झोपायची
आणि फळीखाली आमचं सगळं :
गोट्या, सागरगोटे, बिनचाकाची मोटार,
भिवापूरच्या मामानं दिलेली पत्र्याची शिट्टी.
काही काढायचं तर काकूला उठवा,
काकूला उठवलं तर आधी पाणी भरा,
म्हणून आमची खेळणी
बहुतेक झोपूनच असायची.

घरात वस्तू आली की प्रश्न ठरलेला :
"ठेवशीन कुठी?"
या प्रश्नानं एक बाहुली दारातूनच परत गेली.
नलूच्या तीनचाकी सायकलला तर
हा प्रश्न गल्लीच्या तोंडाशीच आडवा आला.
पाहुणे शहाणे झाले, संत्री आणू लागले.
पोटात जागा आहे, काकू म्हणायची,
तिथं काय ठेवाचं ते ठेवा.

मग तान्हा पोळा.
समोरच्या परात्यांचा नंदी वासराएवढा,
शिंगांना बेगड, ठेवायला गच्ची.
आम्ही नऊ पोट्टे ओट्यावर, काकाकडे बघत.
दौलतकाका काही बोलला नाही.
रात्रभर कानस चालली, खर्र खर्र.

सकाळी धोटे निघाले.
माग विकला, धोटे विकले नव्हते त्यानं.
टोकांना लोखंड, अंगानं गुळगुळीत,
चाळीस वर्षं ताण्यातून इकडून तिकडे पळालेले.
त्यांना आता कांड्यांची चाकं,
चुका ठोकून शिंगं, काळ्या सुताची शेपटी.
मुठीत मावणारे बैल.
ठेवायचा प्रश्नच नाही.

लहानापासून वाटत आला :
गुणवंता, हिरू, नलू, पुरुषोत्तम...
धोटे आठ. नववी मी.
मोठं असणं म्हणजे
यादी संपल्यावरही उभं असणं.

काकानं फळी उचलली, खडू घेतला.
जिथं त्याचा उजवा पाय पावडीवर असायचा
तिथं एक वीत मोजली,
त्याची वीत, माझी नाही,
आणि चौकोन आखला.
"हे तुह्यं. इथं कोणी काही ठेवाचं नाही."

बाहेर मारबत चालली होती.
गल्ली ओरडत होती, रोगराई घेऊन जाय गे मारबत,
आणि काकू दारातून,
"खोकी, गाठोडी, पाहुणे, समदे घेऊन जाय गे मारबत!"

संध्याकाळी आठ बैल एका सुतात ओवून निघाले
बोजारा मागत, दारोदार.
मी मागं, मोकळ्या हातानं.
"तुहा बैल कुठी व पोरी?" परात्यांच्या बाईनं विचारलं.
म्हटलं, घरी बांधला.
तिनं चार आणे दिले, त्याच्या चाऱ्याचे.

पुरुषोत्तमनं भाडं देऊ केलं, महिन्याला दोन गोट्या.
नाही म्हटलं.
मी स्वतःसुद्धा काही ठेवलं नाही तिथं.
काकू नळावर गेली की फळी सरकवायची, बघायची.
माती. खडू.
कधी एखादी मुंगी आडवी जायची.
जाऊ द्यायची.

परवा रजिस्ट्रीच्या कचेरीत
आम्ही बहिणी बाकावर ओळीनं, हक्कसोड द्यायला.
वकिलानं चतुःसीमा वाचल्या :
पूर्वेस पराते यांचे घर, पश्चिमेस नाली,
दक्षिणेस सार्वजनिक नळ.
खड्ड्याचं नाव कुठं नव्हतं.
मी टेबलावर हात पसरला, अंगठा ते करंगळी.
माझी वीत आता काकाएवढी झाली आहे.

"सही या चौकोनात, ताई," वकील म्हणाला,
"रेघेबाहेर जाऊ देऊ नका."

मी चौकोन बघितला.
थोडा वेळ
काही ठेवलं नाही त्यात.