मूठ

सहा आठवडे, सव्वासहाची बार्शी एसटी.
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी.
तिला गिळत नव्हतं, डबा माझ्यासाठीच असायचा.

मशीनच्या खोलीत गळ्यात काही चालत नाही,
सिस्टर म्हणाल्या.
बाळंतपणातही जे अंगावेगळं झालं नव्हतं
ते इष्टलिंग, चांदीच्या डबीसकट,
अव्वानं माझ्या मुठीत ठेवलं.
"मी येईपर्यंत तूच माझं अंग हो, शिवलीला."
मी नऊ वर्षांची.
बाकावर बसून राहिले.
नाकावर माशी बसली तरी मूठ उघडली नाही.

केस गेले तेव्हा
कपाळ कुठं संपतं ते चाचपत तिनं विभूती लावली,
"आता जागा भरपूर झाली की!"

रात्री ती देवाशी भांडायची, कानडीत.
मला वाटायचं, अंगाई म्हणतेय.
सकाळी तळहातावर लिंग घेऊन
पुन्हा त्याच्याचसमोर, न्हालेली.

त्यानं तिला बरं केलं नाही.

अक्कलकोट रोडच्या रुद्रभूमीत
खड्ड्यात तिला बसवलं, पूर्वेकडे तोंड करून.
काका म्हणाले, "दे आता."
मी दिलं.
तिची बोटं मिटेनात.
मीच खाली उतरून
मिटवली, एकेक.