सिंक

एप्रिल संपता संपता फ्रिजवर
दोनच पत्रं उरली होती, एका चुंबकाखाली:
ऑर्डवे आणि ब्रॅन्सकोम.
दोन्ही लहान, हजार-बाराशे मुलांची,
दोन्हीकडे टेकडी, घंटा, आणि माहितीपत्रकात
झाडाखाली हसत बसलेली तीच तीन मुलं.
शपथेवर सांगते, तीच.

मी नळकाम करते. व्हॅन वडिलांची, पाने वडिलांचे,
दारावर अजून त्यांचंच नाव, रुडझिन्स्की.
कॉलेजात मी आजवर शिरले ती तळघराच्या दारानं.
थिया म्हणाली, तू नुसती चल.
गाडी चालव. बोलू नकोस.

ऑर्डवेत एक मुलगी उलटी चालत
आम्हाला सगळं दाखवत होती,
एकदाही न ठेचकाळता.
वर्गात दहाच जण, प्राध्यापक घरी जेवायला बोलावतात,
चित्रं काढा, खगोलशास्त्र शिका, दोन्ही करा.
थिया मान हलवत होती.
मी मागे रेंगाळले, ठसे छापायच्या स्टुडिओत घुसले.
लोक खिडक्या बघतात. मी सिंक बघते.
सहा फुटी, स्टेनलेस स्टील, शाईच्या पाण्याला वेगळी टाकी.
ज्यानं बसवलं त्याला मी उद्या कामावर घेईन.
पण कोरडं. काठावरून बोट फिरवलं,
बोटाला काहीच लागलं नाही.

ब्रॅन्सकोमला कुणी उलटं चाललं नाही.
जुन्या धुलाईघरात छापखाना,
आणि क्विम्बीबाई, ज्यांनी हात पुढे केला
आणि शाई बघून मागे घेतला.
सिंक चिनी मातीचं, माझ्या आईच्या वयाचं.
त्यावर थरांवर थर: निळा, विटकरी,
आणि एक हिरवा, जो मी फक्त
जुन्या तांब्याच्या नळीवर पाहिलाय.
खाली बादली. बादलीवर मार्करनं नोंदी,
कुणी कधी ओतली.
शेवटची: काल, पहाटे तीन, मोझेस.

मला राहवलं नाही.
व्हॅनमधून वायसर आणला, फरशीवर पाठ टेकली.
वर थियाचे बूट दिसत होते, न हलणारे,
लाजेनं असतील असं मला वाटलं.

परतीच्या रस्त्यावर, कुठल्याशा पेट्रोल पंपाशी,
तिनं माझ्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर
छापलेला ठसा डॅशबोर्डवर ठेवला.
तळहाताएवढा. सिंकखालून बाहेर आलेले
माझे दोन पाय, आणि हातात पाना.
डाव्या हातात. ठशात सगळं उलटं होतं, म्हणाली.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.
ब्रॅन्सकोम वर्षाला अकरा हजारांनी महाग.
पाणी तापवायच्या एका टाकीमागे मला पाचशे सुटतात.
बावीस टाक्या जादा, दर वर्षी, चार वर्षं.
मी हे मनातल्या मनात मोजत होते.
ओठ हलले असतील.

एरीचे दिवे दिसायला लागले तशी ती म्हणाली,
ऑर्डवे.
का?
तिथलं सिंक अजून कुणी मळवलं नाही.
मी मळवीन.

उत्तर छान होतं. फारच छान,
आधीपासून घासून ठेवल्यासारखं.
आणि मी तीस वर्षं भिंतींना कान लावत आलेय,
कुठं पाणी मुरतंय ते मला
ओल दिसायच्या आधी कळतं.

काही बोलले नाही.
रात्री दोन वाजता तिच्या खोलीतून
लिनोलियम कोरल्याचा आवाज येत होता,
बारीक, थांबून थांबून.
मी अंधारात पॅसेजमध्ये उभी होते,
पत्रं अजून दोन्ही फ्रिजवर,
आणि माझा कान भिंतीला.