चाकांमधलं अंतर

पाथर्डी फाट्याच्या शोरूममध्ये
दोघी शेजारी उभ्या:
एक आखूड, तीन दारांची,
एक तीच, पण हातभर लांब, पाच दारांची.
नाक तेच, डोळे तेच,
एकाच गाईची दोन वेतं जशी.

बोरस्ते नावाचा पोरगा, टायवर द्राक्षाएवढा डाग,
म्हणाला, मॅडम, फरक फक्त अंतराचा,
पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या.
मी म्हटलं, बहुतेक फरक तोच असतो.
तो हसला. कळलं नसावं. बरंच झालं.

पिशवीतून मी फीत काढली,
जनावराच्या छातीचा घेर मोजून वजन सांगणारी,
आखूडच्या पाठीला लावली.
नायट्रोजनचं कॅन मावेल, उभं, पट्ट्याने बांधून.
दोऱ्या, चिमटे, सलाईनचं खोकं.
वासरू? पाय दुमडून, भिवा भोयेच्या मांडीवर.
लांबडीत वासरू ऐसपैस झोपून येईल
आणि उशाशी त्याच्या आईलाही डोकवायला जागा.

पण वाघेऱ्याच्या घाटाखाली
पाड्याकडे उतरणारी ती वाट,
एका अंगाला करवंदीची जाळी, दुसऱ्या अंगाला काहीच नाही,
तिथं गेल्या भादव्यात
भाड्याची लांब गाडी काही केल्या वळेना.
पाऊण किलोमीटर उलटी आणली,
भिवा मागे चालत, बॅटरी हलवत,
या बाई, या, अजून या.
रात्रीचे दोन. म्हशीचा जार अडकलेला.
आखूड असती तर आंब्याच्या बुंध्याशी
जागच्या जागी फिरली असती,
शेळी फिरते तशी.

एवढ्यात बोरस्ते फॉर्म घेऊन आला.
घरात माणसं किती?

गोठ्यात किती, हे मी झोपेतही सांगते:
दुभती, भाकड, गाभण.
हे मात्र बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.
रेशनकार्डावर अजून तीन.
कोर्टाच्या कागदावर एक,
आणि एक आड एक शनिवार.

आज तोच शनिवार.
शाल्मली, वय चौदा, गुडघे तिच्या पुढे वाढलेले,
लांबडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसलेली,
कानात बोंडं, काच वर.
मी ती गाडी तिथंच नापास केली.
खरं सांगते, वाघेऱ्याचं वळण नंतर सुचलं.
आखूड घेतली तर ती पुढेच बसेल.
हरसूलपर्यंत एक शब्द बोलली नाही तरी
गिअर टाकताना कोपर लागेल तिला माझं.

मग भिवा आठवला.
भिवाचं पोट आठवलं. पुढची सीट त्याची,
नऊ वर्षांच्या वहिवाटीची.

ती उतरली. कानातलं खिशात टाकलं.
आखूडपाशी आली, खटका ओढला,
पुढची सीट मोडून पाडली आणि शिरली मागे,
हनुवटी गुडघ्यांवर.
मावते गं, आतून म्हणाली,
आवाज पत्र्यात घुमला,
भिवाकाकांना बसू दे पुढे.

फीत धरली मी, गुडघ्यापासून सीटच्या पाठीपर्यंत.
चार बोटं.

आखूड लिहिली. रंग मातकट,
तसाही तो होणारच आहे.
सात महिने लागतील, बोरस्ते म्हणाला.
शेळीचे पाच, गाईचे नऊ, म्हशीचे दहा.
गाडीचे सात, चालेल.
आणि मधेच लांब हवीशी वाटली तर?
सहाव्या महिन्यापर्यंत बदलता येते, मॅडम.

संध्याकाळी तिला कॉलेज रोडला सोडण्याआधी
दवाखान्याच्या चौकटीशी उभी केली.
टाचा टेकव. मान सरळ.
पेन्सिलीने रेघ मारली, शेजारी तारीख.
कशाला?
गाडीसाठी.
तिने रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे,
पेन्सिल काढून घेतली हातातून
आणि म्हणाली,
भिवाकाकांची पण मारूया.
आडवी.